डोकं दुखत असेल तर पहिली गोळी घेण्याआधी सांगा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

जागतिक एड्स दिनानिमित्त आपण एचआयव्हीच्या उपचारांवर पानभर मजकूर छापलात. ज्या दिवशी निदान त्याच दिवशी गोळ्या सुरू, सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, किती याची वाट पाहायची नाही, हे त्यात ठळक अक्षरांत होतं. ते बरोबरच आहे आणि छापलं हे फार चांगलं केलंत. २००४च्या एप्रिलमध्ये सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांचा उपचार, मिळू लागली, तेव्हा लक्षणं नसलेल्या माणसाला सीडी-फोर २०० च्या खाली घसरेपर्यंत थांबवून ठेवलं जायचं. ही अट टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि २०१७ साली संपली. ‘अजून वेळ आहे’ असं ऐकून घरी गेलेली आणि पुढे स्ट्रेचरवरून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे ‘आजच गोळी’ या धोरणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

मात्र या धोरणाला एक मोठा अपवाद आहे आणि आपल्या पानावर तो एका ओळीतही आला नाही. मेंदूच्या आवरणाला क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचा संसर्ग झाला असेल, तर एचआयव्हीच्या गोळ्या लगेच सुरू करायच्या नसतात. आधी बुरशीवर उपचार करायचे आणि गोळ्या चार ते सहा आठवड्यांनी द्यायच्या, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मी सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. पाठीतल्या पाण्याचे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असणारं जे पाणी पाठीत सुई टोचून काढतात त्याचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम होतं. हा अपवाद न कळल्याने काय होतं ते टेबलाच्या अलीकडून पाहिलेलं आहे, म्हणून लिहिते.

ही बुरशी मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत असते. श्वासातून ती बहुतेक सगळ्यांच्याच आत जाते आणि धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. सीडी-फोर शंभराच्या खाली गेलेल्या माणसात मात्र ती फुप्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूच्या आवरणात पोचते. सुरुवात डोकेदुखीने होते. ताप असतोच असं नाही, मानही ताठतेच असं नाही. आपल्याकडे डोकं दुखलं की पहिलं नाव पित्ताचं निघतं. मग आलं-लिंबू, मग चष्म्याचा नंबर, मग सायनसचा एक्स-रे. यात दोन-तीन आठवडे सहज निघून जातात. एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला की मगच मोठं रुग्णालय गाठलं जातं. २०२० सालच्या अंदाजानुसार जगभरात वर्षाला सुमारे १ लाख ५२ हजार लोकांना हा आजार होतो आणि त्यातले १ लाख १२ हजार मरतात. एड्सने होणाऱ्या दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक मृत्यू या बुरशीचा आहे.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट सांगते, कारण मला जे म्हणायचं आहे त्याचं मूळ तिथेच आहे.

पाठीतलं पाणी बाटलीतून येतं. जंतूंमुळे पू झाला असेल तर ते गढूळ दिसतं आणि त्यात पांढऱ्या पेशी हजारांनी सापडतात. क्षयाचं असेल तर पेशी दहा-वीसपासून काहीशेपर्यंत असतात आणि बाटली उभी ठेवली तर कधीकधी जाळी धरते. क्रिप्टोकॉकसचं पाणी मात्र पुष्कळदा अगदी नितळ असतं. न्यूबाऊर चेंबर या पेशी मोजायच्या आखीव काचेवर घालून मोजायला बसलं तर पांढऱ्या पेशी दोन, तीन, कधी शून्य. नॉर्मल माणसाच्या पाण्यातही पाचपर्यंत असतात, म्हणजे हा आकडा नॉर्मलमध्येच बसतो. साखर आणि प्रोटीनही कधीकधी नॉर्मलच्या जवळपास असतात. मग त्याच पाण्याचा तळाचा गाळ घेऊन त्यात इंडिया इंक या काळ्या शाईचा थेंब मिसळायचा, वर काचेची पट्टी ठेवायची आणि भिंगाखाली पाहायचं. सगळीकडे काळं आणि त्या काळ्यात गोल गोल पेशी, प्रत्येकीभोवती जाड कवचाचं उजळ कडं, एखादीच्या कडेला कळी फुटलेली. संपूर्ण दृश्य त्यांनी भरलेलं असतं. एका बाजूला इतकी बुरशी आणि दुसऱ्या बाजूला तिच्याशी लढायला आलेल्या पेशी दोन. रिपोर्टच्या कागदावर हे दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत पडतात आणि त्यांचा संबंध पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

पेशी कमी, म्हणजे रिपोर्ट चांगला, असं नातेवाइकांना वाटतं. नवख्या डॉक्टरांनाही वाटतं. ‘सेल्स २’ पाहून मेंदूज्वर नाही असा शेरा मारला गेलेला आणि इंकची तपासणी मागवलीच न गेलेली अशी प्रकरणं मला माहीत आहेत. आणखी एक अडचण म्हणजे घाईघाईत मोजणाऱ्याला या बुरशीच्या पेशी लिंफोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वाटू शकतात. मग बुरशीच पांढऱ्या पेशी म्हणून मोजली जाते. नमुना तासन्‌तास पडून राहिला तर खऱ्या पेशी विरतात आणि आकडा खाली येतो. म्हणून या साध्या, स्वस्त मोजणीला जपायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

ही मोजणी इतकी महत्त्वाची का, हे युगांडातल्या कामाने दाखवून दिलं. कंपालातल्या मुलागो रुग्णालयात मकेरेरे विद्यापीठाच्या डेव्हिड मेया यांनी आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या डेव्हिड बोलवेअर यांनी सहकाऱ्यांसह या रुग्णांचा पाठपुरावा केला. बुरशीच्या उपचारांतून वाचून एआरटी सुरू झालेल्यांपैकी पुष्कळांना काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा तसंच डोकं धरायचं, ताप यायचा, फिट यायच्या. पाणी काढून त्यातून बुरशी वाढवून पाहिली तर ती उगवत नसे. म्हणजे आजार उलटलेला नव्हता. गोळ्यांमुळे विषाणू दबला, प्रतिकारशक्ती जागी झाली आणि मेंदूच्या आवरणात उरलेल्या मेलेल्या बुरशीच्या कवचांवर तुटून पडली. कवटीच्या आत सूज यायला जागाच नसते, त्यामुळे ही लढाई माणसाच्या जिवावर येते. डॉक्टर याला आयरिस म्हणतात. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १०१ रुग्ण होते आणि त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त जणांना हा त्रास झाला.

त्यांनी मागे जाऊन पाहिलं की असा त्रास ज्यांना झाला ते आधीपासून वेगळे होते का. होते. पहिल्यांदा पाणी काढलं तेव्हाच त्यांच्या पाण्यात पांढऱ्या पेशी कमी होत्या, प्रोटीन कमी होतं. गोळ्या सुरू करण्याआधी त्यांच्या रक्तात बुरशीच्या कवचाचं प्रमाण इतरांच्या चौपट होतं. सूज आणणारी, पेशींना बोलावणारी जी रसायनं रक्तात असायला हवीत, त्यांतली काही त्यांच्यात कमी होती. थोडक्यात, ज्यांच्या शरीराने सुरुवातीला बुरशीला काहीच विरोध केला नव्हता, त्यांच्यातच पुढे तो विरोध उफाळून आला. विरोध नसल्याने बुरशी माजली, साफ व्हायला वेळ लागला, कवचांचा साठा मोठा राहिला आणि सीडी-फोर वाढल्यावर शरीराला एकदम तेवढं सगळं दिसलं. गोळ्या सुरू करायच्या दिवशी पाण्यात जिवंत बुरशी उरलेली असेल तर हा धोका आणखी वाढतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासांनीही दाखवलं.

मग कोणाला कधी गोळी द्यायची याची रीतसर चाचणी युगांडात कंपाला आणि म्बारारा इथे आणि दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला झाली. १७७ रुग्ण होते. अर्ध्यांना निदानानंतर एक-दोन आठवड्यांत एआरटी, अर्ध्यांना साधारण पाच आठवड्यांनी. लवकर दिलेल्यांत २६ आठवड्यांत ४५ टक्के दगावले, थांबलेल्यांत ३० टक्के. फरक इतका ठळक होता की देखरेख समितीने चाचणी मुदतीआधी थांबवायला लावली. २०१४मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातही लवकर गोळी देण्याचा सर्वांत मोठा फटका कोणाला बसला? ज्यांच्या पाण्यात पांढऱ्या पेशी पाचपेक्षा कमी होत्या त्यांना. आमच्या रिपोर्टवर ज्या आकड्यापुढे ‘नॉर्मल’ लिहिलं जातं, तोच हा आकडा. त्याआधी झिम्बाब्वेत हरारेला फक्त फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधावर असलेल्या रुग्णांना तीन दिवसांच्या आत एआरटी देऊन पाहिली होती. लवकर दिलेल्यांत ८८ टक्के गेले, दहा आठवडे थांबलेल्यांत ५४ टक्के.

लवकर गोळी घेतलेल्यांतले सगळे मृत्यू आयरिसनेच झाले असं कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि पेशींचा आकडा म्हणजे भविष्यवाणी नव्हे. पेशी कमी असूनही काही सुखरूप बरे होतात. पण कोणावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, एवढं तो नक्की सांगतो. रक्तातली ती रसायनं मोजणं आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या आवाक्यात नाही. पेशी मोजणं मात्र तालुक्यालाही जमतं. त्यासाठी एक सूक्ष्मदर्शक, एक चेंबर आणि घाई न करणारा माणूस लागतो.

एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. नवरा टेम्पो चालवायचा. डोकेदुखी सुरू झाल्यावर दुसरीकडे कुठेतरी एचआयव्ही निघाला आणि त्याच आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या. डोकेदुखीचं कोणी विचारलं नाही, या दोघांनीही सांगितलं नाही, कारण पित्त हा आजार आहे असं घरात कोणाला वाटतच नव्हतं. काही दिवसांत त्याचं बोलणं अडखळू लागलं म्हणून आमच्याकडे आणला. पाणी नितळ, पेशी जेमतेम तीन, इंकमध्ये बुरशीच बुरशी. बाई खिडकीशी उभ्या होत्या. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी विचारलं, “ताई, पेशी कमी आल्यात म्हणजे बरं आहे ना?” मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, तेवढंच माझ्या हातात होतं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. तो वाचला नाही. दहावं-तेरावं उरकल्यावर बाई स्वतःची तपासणी करायला आल्या आणि त्यांचीही चाचणी पॉझिटिव्ह निघाली. आता त्या गोळ्या घ्यायला तयार नव्हत्या. “त्या गोळ्यांनीच त्यांना नेलं,” एवढंच त्या म्हणत होत्या. समुपदेशक ताईंनी त्यांना किती वेळा घरी जाऊन समजावलं ते मला माहीत आहे. शेवटी त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि मी निवृत्त झाले तेव्हा त्या नियमित येत होत्या.

यातला दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. चुकीच्या आठवड्यात दिलेली गोळी एका माणसाला तर धोक्यात घालतेच, पण त्याच्या घरातल्या, वस्तीतल्या इतरांचा त्या गोळीवरचा विश्वासही घालवते.

याच्या उलटही घडतं. वॉर्डात दाखल असलेल्या रुग्णाच्या भावाने एआरटी केंद्रात येऊन आरडाओरडा केलेला मी ऐकला आहे. “पेपरात छापून येतं लगेच गोळी द्या म्हणून, आणि तुम्ही महिनाभर थांबा म्हणता? गरिबाला टाळताय?” त्याची तळमळ खरी होती. डॉक्टर थांबत होते तो उपचाराचाच भाग होता, पण हे त्याला त्याआधी कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे पत्र वैद्यकीय मासिकाला न पाठवता आपल्याला पाठवते आहे. तो भाऊ वाचतो ते आपलं वर्तमानपत्र.

वाचकांनी यातून भलताच अर्थ काढू नये म्हणून हेही सांगते. फुप्फुसाचा क्षय असेल तर इतके आठवडे थांबायचं नसतं. क्षयाची औषधं सुरू करून दोन आठवड्यांच्या आत एआरटी द्यावी असं सध्याचं मार्गदर्शन आहे. मेंदूच्या क्षयाचं गणित पुन्हा वेगळं. आणि जो आधीच गोळ्या घेतो आहे त्याने डोकं दुखलं म्हणून मनानेच गोळ्या बंद करणं सर्वांत वाईट. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं हे डॉक्टरच ठरवतील. आपलं काम डोकेदुखी न लपवण्याचं.

पाठीत सुई टोचण्याच्या भीतीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ हे मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की त्या भीतीनेही माणसं मेली असणार. या आजारात पाणी काढणं हा तपासणीसारखाच उपचारही आहे. बुरशीची कवचं पाणी वाहून जाण्याच्या वाटा बुजवतात, कवटीतला दाब वाढतो आणि त्या दाबानेच दृष्टी जाते, शुद्ध हरपते. दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी काढून तो उतरवायचा, लागलं तर रोज. दाब मोजायचा मॅनोमीटर नसेल तिथे सलाइनची नळी उभी धरून सेंटिमीटरच्या पट्टीने मोजणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. सुई निघाल्यावर अर्ध्या तासात “डोकं हलकं झालं” म्हणणारे रुग्णही पाहिले आहेत. असं पुन्हा पाणी काढलेल्यांत मृत्यूचा धोका ६९ टक्क्यांनी कमी आढळला, हेही त्याच युगांडा-दक्षिण आफ्रिकेच्या रुग्णांवरून समजलं.

बुरशीवरच्या औषधाचं नाव आता महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. २०२१मध्ये कोविडनंतरच्या काळ्या बुरशीसाठी ज्या अॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी लोक शहरभर धावत होते, तेच हे औषध. आफ्रिकेतल्या पाच देशांत ८१४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिपोसोमल अॅम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची आणखी दोन औषधं, एवढं आठवडाभराच्या इंजेक्शनांच्या तोडीचं ठरलं, आणि दुष्परिणामही कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी ही पद्धत स्वीकारली. यातलं फ्लुसायटोसिन माझ्या नोकरीच्या काळात मला वॉर्डात क्वचितच दिसलं. काळ्या बुरशीच्या वेळी जी यंत्रणा हलली, ती या बुरशीसाठी का हलू नये? इथले रुग्ण गरीब आहेत, विखुरलेले आहेत आणि आजाराचं नाव सांगायला घाबरतात, म्हणून त्यांच्यासाठी कोणी रांगा लावून ओरडत नाही.

आरोग्य खात्यातल्या जाणत्यांनी हे पत्र वाचलं तर माझं मागणं फार मोठं नाही. सीडी-फोर शंभराच्या खाली असलेल्या प्रत्येकाची, जमेल तिथे दोनशेच्या खालच्यांचीही, रक्तातल्या क्रिप्टोकॉकस अँटिजेनची, म्हणजे या बुरशीच्या कवचाच्या अंशाची, पट्टीवरची तपासणी पहिली गोळी देण्याआधी व्हावी. रक्ताचा थेंब आणि दहा मिनिटं, एवढंच तिला लागतं. डोकं दुखू लागण्याच्या काही आठवडे आधीच ती पॉझिटिव्ह येते, म्हणजे त्या काळात नुसत्या फ्लुकोनॅझोलवर पुष्कळ जणांचा मेंदू वाचवता येतो. पट्टी सगळ्या एआरटी केंद्रांत असावी आणि संपली तर ती येईपर्यंत रुग्णाला निदान डोकेदुखीचा प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नये. एचआयव्ही पॉझिटिव्ह माणसाचं पाठीतलं पाणी आलं की कोणी मागवो न मागवो, प्रयोगशाळेने पेशी, इंक आणि अँटिजेन तिन्ही करावं. नुसती इंक पुरेशी नाही, बुरशी थोडी असेल तर ती इंकमध्ये निसटते. आणि अँटिजेन पॉझिटिव्ह आणि पेशी पाचपेक्षा कमी असं निघालं, तर रिपोर्टच्या त्या रकान्यात ‘नॉर्मल’ हा शब्द छापू नये. तिथे लाल अक्षरांत लिहावं की हा रुग्ण जोखमीचा आहे, एआरटी सुरू करण्याची तारीख वॉर्डाने आणि एआरटी केंद्राने मिळून ठरवावी, आणि सुरू केल्यानंतरचे दोन-तीन महिने त्याला डोकेदुखीबद्दल दर भेटीत विचारावं.

ज्यांच्या घरात सध्या असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी शेवटचं. वॉर्डातून घरी सोडताना एआरटी कोणत्या तारखेला सुरू होणार ते कार्डावर लिहून मागा. तोवर फ्लुकोनॅझोलची एकही गोळी चुकवू नका. गोळ्या सुरू झाल्यावर डोकं पुन्हा दुखू लागलं, ताप आला, दिसायला अंधुक झालं तर गोळ्या फेकू नका आणि मेडिकलमधून डोकेदुखीची गोळीही आणू नका. कार्ड घेऊन त्याच दिवशी त्याच रुग्णालयात जा आणि पाठीतलं पाणी पुन्हा तपासा म्हणून सांगा. बुरशी उलटली आहे की आयरिस आहे हे त्या पाण्यावरूनच कळतं, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर